काशीचे स्वस्तिक, चीनचे वान, जपानचे मंजी

आपल्या उंबरठ्यावर रोज उमटणारे शुभचिन्ह चीन आणि जपानमध्ये चक्क एक अक्षर आहे. त्याला उच्चार आहे, अर्थ आहे आणि शब्दकोशात जागाही आहे. वाराणसी आणि सारनाथच्या वाटेवर या अक्षराचा घेतलेला हा मागोवा.

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते फार जुने आहे. मुंजीतला बटूसुद्धा छत्री-काठी घेऊन काशीलाच निघतो आणि मामाने मुलगी देण्याचे कबूल केल्यावर मागे फिरतो. पुढे कधीतरी, मुलेबाळे मार्गी लागल्यावर, तो खरोखरच काशीला पोहोचतो. विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, दशाश्वमेध घाटावरची गंगेची आरती, पहाटेचा नौकाविहार एवढे झाले की यात्रा पदरात पडते. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलेल्या विश्वनाथ मंदिरात डोके टेकवताना ऊर भरून येतो. भोसले घाट, शिंदे घाट ही नावे ऐकून आपण आपल्याच गावात आहोत असे वाटते. उरलेल्या अर्ध्या दिवसात रिक्षावाला सारनाथला नेऊन आणतो आणि संध्याकाळी बनारसी साड्यांची खरेदी होते.

यंदा आम्ही काशीला गेलो तेव्हा यात एक वेगळी गोष्ट जोडली गेली. ती म्हणजे स्वस्तिकाचा शोध. शोध तरी कसला म्हणायचा? काशीत स्वस्तिक शोधावे लागतच नाही. गल्लीतल्या घरांच्या दारांवर दोन्ही बाजूंना शेंदराची स्वस्तिके असतात. नावांच्या नाळेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, नव्या दुचाकीच्या पुढच्या भागावर, लग्नघराच्या भिंतीवर तीच खूण. बनारसी माणूस त्याला ‘सतिया’ किंवा ‘सथिया’ म्हणतो. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी असते, तेव्हा घाटांच्या पायऱ्यांवर पणत्यांची स्वस्तिके मांडली जातात आणि नावेतून पाहणाऱ्याला ती पाण्यातही दिसतात.

चार गतींचे चिन्ह

अस्सी घाटाकडून उत्तरेकडे चालू लागले की तुळशी घाटापाशी भदैनी नावाचा भाग लागतो. तुलसीदासांमुळे हा भाग सर्वांना ठाऊक आहे. पण जैनांच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळे आहे. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचा जन्म इथला मानतात आणि प्रत्येक तीर्थंकराचे जे एक लांछन, म्हणजे ओळखचिन्ह असते, ते सुपार्श्वनाथांचे आहे स्वस्तिक. त्यांच्या मंदिराखालचा घाट जैन घाट म्हणूनच ओळखला जातो. चार तीर्थंकरांची जन्मभूमी म्हणून जैन यात्रेकरूंनाही काशी प्रिय आहे. त्यांतले अकरावे श्रेयांसनाथ सारनाथजवळच्या सिंहपुरीचे, आणि तेविसावे पार्श्वनाथ भेलूपूरचे.

जैन मंदिरात देवापुढे तांदळाचे स्वस्तिक काढतात. त्याचे चार हात म्हणजे जिवाच्या चार गती : देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी आणि किडामुंगी, आणि नारकी. वरचे तीन ठिपके म्हणजे सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य. त्याही वरची चंद्रकोर म्हणजे मुक्त जीवांचे स्थान. एवढ्याशा आकृतीत सबंध तत्त्वज्ञान मांडलेले!

आपल्याकडे स्वस्तिकाचा अर्थ नावातच आहे. ‘सु’ म्हणजे चांगले आणि ‘अस्ति’ म्हणजे आहे. जे चांगले आहे, कल्याणाचे आहे त्याची खूण. शब्द किती जुना? पाणिनीच्या अष्टाध्यायीत गुरांच्या कानांवर करायच्या खुणांची नावे आली आहेत, त्यांत स्वस्तिक आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांच्या आसपास जुन्या काळात एखाद्या गवळ्याच्या गाईच्या कानावरही हे चिन्ह होते. आणि चिन्ह तर शब्दाहूनही जुने. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ते स्पष्ट कोरलेले आढळते. आपल्या जुन्नरजवळच्या बौद्ध लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांतल्या काहींमध्येही ब्राह्मी अक्षरांच्या जोडीला स्वस्तिक कोरलेले दिसते.

धमेक स्तूपाशी

सारनाथ शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. ज्ञानप्राप्तीनंतर गौतम बुद्धांनी आपल्या पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला तो इथल्या मृगदावात, म्हणजे हरणांच्या वनात. चिनी लोकांनी या नावाचे सरळ भाषांतर केले. तीन अक्षरे लिहिली : हरीण, रान, बाग. चिनी माणूस ती ‘लूयेयुआन’ अशी वाचतो, जपानी माणूस ‘रोकुयाओन’ अशी. अक्षरे तीच, अर्थ तोच, उच्चार मात्र वेगळे. क्योतो शहरातले जगप्रसिद्ध सुवर्णमंदिर आपण चित्रात पाहिलेले असते. त्याचे खरे नाव ‘रोकुओन-जी’, म्हणजे मृगवनाचे मंदिर! काशीजवळच्या हरणांच्या वनाची आठवण अशी समुद्रापलीकडे नांदते आहे.

सारनाथच्या अवशेषांमधली सर्वांत भव्य वास्तू म्हणजे धमेक स्तूप. पायासकट सुमारे ४३ मीटर उंच आणि २८ मीटर व्यासाचा हा भरीव, गोल स्तूप गुप्तकाळात त्याच्या आजच्या रूपाला आला. वरचा भाग विटांचा, उघडाबोडका आहे. खालच्या दगडी भागावर मात्र नक्षीचा रुंद पट्टा फिरतो. त्यात वेली आहेत, कमळे आहेत, माणसे आणि पक्षी आहेत, आणि एकमेकांत गुंतत गेलेली भौमितिक स्वस्तिकेही आहेत. पैठणीच्या काठावरची वीण जवळून पाहावी तसे इथे उभे राहावे लागते. नजर एका रेघेच्या मागे गेली की ती कुठे वळली आणि दुसऱ्या स्वस्तिकात कधी शिरली हे कळतच नाही.

माझ्यासोबत माझ्या नणंदबाई होत्या. आम्ही दोघी त्या नक्षीपाशी उभ्या असताना जपानी यात्रेकरूंचा एक घोळका प्रदक्षिणा घालत आला. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी दगडाकडे बोट दाखवले आणि हसून म्हटले, “मंजी!” त्यांचा वाटाड्या बनारसचाच, पण जपानी अस्खलित बोलणारा. तो म्हणाला, “माताजी, ये लोग इसको अक्षर मानते हैं.” बाईंनी लगेच आपल्या तळहातावर बोटाने ते लिहून दाखवले. एक रेघ, दुसरी, तिसरी... सहा फटकाऱ्यांत अक्षर पुरे! चिनी-जपानी लिपीत प्रत्येक अक्षराच्या रेघा मोजलेल्या असतात आणि त्यांवरूनच ते कोशात शोधतात. हे अक्षर सहा रेघांचे. कोशात ते ‘दहा’ या अर्थाच्या, अधिकच्या चिन्हासारख्या दिसणाऱ्या अक्षराच्या गटात सापडते.

नणंदबाईंनी मग काडीने धुळीत आपले स्वस्तिक काढले आणि चार घरांत चार ठिपके दिले. जपानी बाई वाकून पाहू लागल्या. ठिपके त्यांना नवे होते. आणखी एक फरक आमच्या आधी त्यांच्या लक्षात आला. आपल्या स्वस्तिकाचा वरचा हात उजवीकडे वळतो, त्यांच्या मंजीचा डावीकडे. जणू एकाच आकृतीची आरशातली प्रतिमा.

चिन्हाचे अक्षर कसे झाले?

बौद्ध परंपरेत महापुरुषाच्या शरीरावर काही शुभलक्षणे सांगितली आहेत. छातीवरचे श्रीवत्स किंवा स्वस्तिक हे त्यांतलेच. चीनमध्ये बौद्ध ग्रंथ गेले, मूर्ती गेल्या, आणि त्यांच्याबरोबर हे चिन्हही गेले. भाषांतरकारांपुढे पेच पडला. ग्रंथात हे चिन्ह आले तर वाचायचे कसे? कुमारजीव हा चौथ्या-पाचव्या शतकातला थोर भाषांतरकार. सातव्या शतकात भारतात आलेला ह्युएन त्संग तर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. या दोघांनी त्याचा अर्थ ‘सद्गुण’ असा केला, असे चिनी परंपरा सांगते. बोधिरुची या पंडिताने मात्र ‘वान’ हा शब्द वापरला. वान म्हणजे दहा हजार.

याच ह्युएन त्संगाने काशी आणि सारनाथ पाहिले होते. मृगदावातल्या विहारात दीड हजार भिक्षू राहत होते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. आज जिथे नुसती जोती उरली आहेत, तिथे त्याने नांदता विहार पाहिला. इसवी सन ६४५ मध्ये तो शेकडो ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि उरलेले आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवले.

पुढे सम्राज्ञी वू झेतियनच्या काळात प्रश्न निकाली निघाला. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने गादीवर बसलेली ही एकमेव स्त्री. ती बौद्ध धर्माची पुरस्कर्ती होती आणि तिला नवी अक्षरे घडवण्याचीही हौस होती. इसवी सन ६९३ मध्ये तिने या चिन्हाचा उच्चार ‘वान’ असा ठरवून दिला आणि सर्व शुभगुण जिथे एकत्र येतात ते हे चिन्ह, असा अर्थ दिला, असे चिनी बौद्ध ग्रंथांत सांगितले आहे. तेव्हापासून आपले स्वस्तिक चिनी लिपीत अक्षर म्हणून दाखल झाले.

चीनमध्ये दहा हजार ही नुसती संख्या नाही. आपण ‘लाख’ म्हणतो तशी ती मोजणीची पायरी आहे आणि आपण ‘लाखमोलाचा’ म्हणतो तशी ती ‘असंख्य’ या अर्थानेही येते. ‘दहा हजार वर्षे जगा’ हा चिनी जयघोष. त्याचेच जपानी रूप म्हणजे ‘बान्झाई’. स्वस्तिकाला हा उच्चार मिळाल्यावर त्यात दीर्घायुष्य आणि कधीही न संपणारे सौख्य हे अर्थ आपोआप आले. जपानी लोकांनी चीनकडून लिपी घेतली तेव्हा हे अक्षरही घेतले. ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘जी’ म्हणजे अक्षर. मंजी म्हणजे ‘दहा हजार’चे अक्षर!

आजच्या संगणकाच्या जमान्यातही ही नोंद कायम आहे. जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड नावाचा जो तक्ता केलेला आहे, त्यात डावे आणि उजवे अशी दोन्ही स्वस्तिके चिनी-जपानी अक्षरांच्या रांगेत बसलेली आहेत.

चीनमधली न संपणारी वेल

चिनी घरात हे अक्षर वाचण्यापेक्षा पाहण्यासाठी जास्त वापरले गेले. खिडक्यांच्या लाकडी जाळ्या, रेशमी वस्त्रे, चिनी मातीची भांडी, गालिचे या सर्वांवर एका वानचा हात दुसऱ्या वानला जोडत नेलेली नक्षी असते. तिला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. सौख्याला अंत नसावा ही त्यामागची इच्छा. ‘दीर्घायुष्य’ या अक्षराशेजारी वान गुंफले की वाढदिवसाची भेट तयार! आपल्याकडे ओटीच्या खणाला जे स्थान, तेच तिथे अशा कापडाला.

बीजिंगमधल्या युआनमिंगयुआन या राजेशाही उद्यानात तर युंगचंग बादशहाने तलावाच्या मधोमध स्वस्तिकाच्या आकाराचा वाडाच बांधला होता. चार दिशांना चार हात असल्याने ऋतूप्रमाणे ऊन आणि वारा यांची सोय बघून दालने बदलता येत. हे उद्यान १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी जाळले. आता फक्त पाया पाहायला मिळतो.

रोजच्या वापरातले उदाहरण म्हणजे खाद्यपदार्थ. तैवानमध्ये पाकिटावर किंवा खाणावळीच्या पाटीवर हे अक्षर दिसले की समजावे, इथले अन्न शाकाहारी आहे. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याचे काम तिथे स्वस्तिक करते. तिकडे जाणाऱ्या शाकाहारी मराठी प्रवाशांनी हे जरूर लक्षात ठेवावे. सिंगापूरमध्ये १९५१ मध्ये स्थापन झालेली एक प्राथमिक शाळा आजही ‘रेड स्वस्तिक स्कूल’ या नावाने चालते.

नकाशापासून पोरांच्या बोलीपर्यंत

जपानचा नकाशा उघडला की जागोजागी छोटी छोटी स्वस्तिके दिसतात. घाबरायचे कारण नाही. बौद्ध मंदिराची ती खूण आहे. शिंतो देवस्थानासाठी कमानीचे चिन्ह आणि बौद्ध मंदिरासाठी मंजी, अशी व्यवस्था तिथे मेइजी काळापासून आहे. उत्तरेकडच्या हिरोसाकी शहराचे अधिकृत मानचिन्हच मंजी आहे. आवा प्रांतावर राज्य करणाऱ्या हाचिसुका घराण्याचे कुलचिन्हही तेच. नारा शहराजवळच्या होर्यू-जी या अतिप्राचीन मंदिराच्या लाकडी कठड्यावर ‘मोडलेल्या मंजी’ची जाळी आहे, आणि किमोनोच्या रेशमात ‘सायागाता’ नावाची तिरक्या, गुंफलेल्या मंजींची वीण आजही लोकप्रिय आहे. बनारसच्या विणकराने ती पाहिली तर त्याला ती मुळीच परकी वाटणार नाही.

फुजी पर्वताची आणि उसळत्या लाटेची चित्रे काढणारा होकुसाई (१७६०-१८४९) सत्तरी उलटल्यावर आपल्या चित्रांवर सही करू लागला ती ‘चित्रवेडा म्हातारा मंजी’ अशी. दहा हजाराचे अक्षर नावात घेणाऱ्या या चित्रकाराला अजून पुष्कळ जगायचे होते, पुष्कळ काढायचे होते. जुनिचिरो तानिझाकी या कादंबरीकाराने १९२८ ते १९३० या काळात ‘मंजी’ याच नावाची कादंबरी लिहिली. चार माणसे एकमेकांत अशी अडकतात की सुटका नाही. आकृतीतले चार वाकडे हात त्याने असे वापरले.

आणि अगदी अलीकडे, २०१६-१७ च्या सुमारास, जपानी शाळकरी मुलींनी हे अक्षर आपल्या बोलीत ओढले. ‘माजी मंजी’ म्हणजे काय, असे विचारले तर नेमका अर्थ कुणालाच सांगता येईना. आनंद झाला तरी मंजी, वैताग आला तरी मंजी! आपल्याकडची पोरे ‘भारी’ हा एकच शब्द जसा कशालाही लावतात, तसेच.

उजवे, डावे आणि काळी सावली

इथपर्यंत सारे मंगल आहे. पण जपानी बाईंचे मंजी आणि आपले स्वस्तिक यांच्यामध्ये आता एक तिसरी आकृती उभी आहे. १९२० मध्ये हिटलरच्या पक्षाने लाल झेंडा, पांढरे वर्तुळ आणि त्यात काळे, तिरके स्वस्तिक असे चिन्ह घेतले. १९३५ मध्ये तो जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. युरोपातही ही आकृती प्राचीन काळापासून होती. एकोणिसाव्या शतकात ट्रॉयच्या उत्खननात ती भांड्यांवर सापडली आणि आर्यवंशाच्या भ्रामक कल्पना पसरवणाऱ्यांनी ती उचलली. जर्मन लोक तिला ‘हाकनक्रॉइझ’, म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणत. या झेंड्याखाली साठ लाख ज्यूंची हत्या झाली. ज्या घरातली माणसे अशी गेली त्या घरातल्या नातवंडाला ही आकृती पाहून धडकी भरते, आणि ते खोटे नाही.

आपल्याकडे एक समज रूढ आहे की हिटलरचे स्वस्तिक उलटे होते, म्हणून ते अशुभ ठरले. हे खरे नाही. त्याचे हात आपल्या स्वस्तिकासारखेच उजवीकडे वळतात. उलटे आहे ते जपानचे मंजी, आणि ते तर बुद्धाच्या छातीवर आहे! शिवाय चीन-जपानमध्ये उजवे रूपही वापरात होते आणि भारतातही डावे रूप सापडते. तेव्हा दिशेवरून पुण्य आणि पाप ठरवता येत नाही. ती आकृती कुणी, कशासाठी, कुठे काढली यावरूनच ते ठरते.

याचा सर्वांत विलक्षण दाखला चीनमधल्या नानजिंग शहरात १९३७ च्या डिसेंबरात मिळाला. जपानी फौजांनी शहर घेतले आणि भीषण कत्तल केली. हे सैनिक ज्या देशातून आले तिथे मंजी हे दयाळू बुद्धाचे अक्षर. शहरात जॉन राबे नावाचा जर्मन व्यापारी होता, नाझी पक्षाचा सभासद. जपानी विमाने आपल्या मित्रदेशाच्या झेंड्यावर बॉम्ब टाकणार नाहीत म्हणून त्याने आपल्या बागेत नाझी झेंडा पसरला आणि शेकडो चिनी लोकांना आसरा दिला. आणि रस्त्यांवर पडलेले मृतदेह उचलून पुरण्याचे काम करीत होते ‘लाल वान संघटने’चे चिनी स्वयंसेवक. रेड क्रॉसच्या धर्तीवर १९२२ च्या सुमारास स्थापन झालेल्या या सेवाभावी संस्थेचे चिन्ह म्हणजे लाल स्वस्तिक. चाळीस हजारांहून अधिक मृतदेहांना तिने मूठमाती दिल्याचे तिच्या नोंदी सांगतात. युद्धानंतर तोक्योत चाललेल्या खटल्यात या नोंदी पुरावा म्हणून मांडल्या गेल्या. एकच आकृती, एकच शहर, आणि माणसे किती वेगळी!

दारावर लावावे की नाही?

हा प्रश्न आमच्या घरात या सहलीतच उभा राहिला. ठठेरी बाजारात पितळेची भांडी आणि पूजेचे सामान मिळते. नणंदबाईंनी तिथे दारावर लावायचे सुरेख पितळी स्वस्तिक घेतले, जर्मनीत नव्या घरात राहायला गेलेल्या आपल्या लेकीसाठी. रात्री फोनवर सांगितले तर पलीकडून लेक म्हणाली, “आई, ते दाराबाहेर नको ग.”

नणंदबाईंचा चेहरा उतरला. “वहिनी, आपल्या घरचं शुभचिन्ह, त्याची कसली चोरी?” त्या मला म्हणाल्या. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण लेकीचेही चूक नव्हते. जर्मनीतला कायदा नाझी चिन्हाला बंदी घालतो. देवघरातल्या स्वस्तिकाला त्याची आडकाठी नाही. पण जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला दारावरच्या पितळेवरून हा फरक कसा कळावा?

हा पेच एकट्या आपल्या घराचा नाही. केन्जित्सू नाकागाकी हे जपानी बौद्ध धर्मगुरू १९८० च्या दशकात अमेरिकेत सिएटलला गेले. बुद्धजयंतीला त्यांनी शेवंतीच्या फुलांचे मंजी सजवले, तर इथे हे चालणार नाही म्हणून लोकांनी ते काढायला लावले. एका शुभचिन्हाचा एवढा धसका का, या प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि २०१८ मध्ये बौद्धांचे स्वस्तिक आणि हिटलरचा क्रूस यांतला भेद सांगणारे पुस्तक लिहिले. २०१६ मध्ये जपानच्या सरकारी नकाशा विभागाने परदेशी पाहुण्यांसाठीच्या नकाशांवर मंजीऐवजी तीनमजली पॅगोडाचे चित्र सुचवले. ऑलिंपिक तोंडावर आले होते. त्यावर देशात बरीच चर्चा झाली. पाहुण्यांसाठी आपले अक्षर पुसायचे की पाहुण्यांना ते शिकवायचे, असा तो वाद होता. जपानी नकाशांवर मंजी आजही आहे. ‘तोक्यो रिव्हेंजर्स’ या लोकप्रिय चित्रमालिकेतल्या टोळीच्या पोशाखावर मात्र जपानमध्ये मंजी दिसते आणि परदेशी आवृत्तीत ते झाकले जाते.

थोडा समजूतदारपणाही वाढतो आहे. २००७ मध्ये सबंध युरोपात नाझी चिन्हांवर बंदी घालण्याचा विचार पुढे आला तेव्हा तिथल्या हिंदूंनी आपली बाजू मांडली आणि स्वस्तिक त्यातून वगळले गेले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनाला बंदी केली, पण हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या धार्मिक वापराला त्याच कायद्यात स्पष्ट मोकळीक दिली. बोलले, समजावून सांगितले, समोरच्याचे दुःखही ऐकून घेतले, की वाट निघते.

आमच्या घरातही वाट निघाली. लेकीने दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. पितळी स्वस्तिक तिच्याकडे घराच्या आत, देवघराच्या चौकटीवर लागणार आहे. शेजारच्या आजींना चहाला बोलावून ते काय आहे हे ती आधी सांगणार आहे. नणंदबाई पूर्ण समाधानी नाहीत. पण सामानात ते स्वस्तिक त्यांनी सर्वांत वर, रेशमी रुमालात गुंडाळून ठेवले.

सारनाथला जाताना

सारनाथसाठी अर्धा दिवस अपुरा आहे, पूर्ण दिवस काढावा. मुंबईहून वाराणसीला जाण्यासाठी महानगरी एक्स्प्रेस ही जुनी, सोयीची गाडी आहे. विमानतळ बाबतपूरला आहे. वाराणसी स्टेशनपासून सारनाथला रिक्षा सहज मिळतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. धमेक स्तूप आणि आसपासचे अवशेष तिकीट काढून पाहता येतात. सकाळच्या कोवळ्या तिरप्या उन्हात नक्षी अधिक उठून दिसते. अशोकस्तंभाचा चार सिंहांचा मूळ शिरोभाग आणि धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली पाचव्या शतकातली बुद्धमूर्ती शेजारच्या संग्रहालयात आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून त्या दिवशीचा बेत आखू नये.

अनागारिक धर्मपाल यांच्या महाबोधी सोसायटीने बांधलेला मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये खुला झाला. त्याच्या आतल्या भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रे आहेत, ती कोसेत्सू नोसू या जपानी चित्रकाराने १९३२ ते १९३६ अशी चार वर्षे राहून रंगवली. जवळच १९३९ चे चिनी मंदिर आणि नंतर झालेले लाकडी जपानी मंदिर आहे. धमेक स्तूपाला लागून श्रेयांसनाथांचे जैन मंदिर आहे. ही सर्व ठिकाणे पायी फिरण्याजोगी आहेत. मुले बरोबर असतील तर त्यांना एक खेळ द्यावा : दिवसभरात किती स्वस्तिके दिसली, त्यांतली उजवी किती आणि डावी किती, ते वहीत मांडायचे. वहीचे पान भरायला वेळ लागत नाही, आणि प्रत्येक खुणेमागची गोष्ट सांगता सांगता आई-वडिलांचीही उजळणी होते.